पिस्टन नसलेली गाडी

आमच्या घरी ती गाडी आली तेव्हा गोठ्यातल्या दोन म्हशी बाहेर चिंचेखाली बांधाव्या लागल्या, कारण छपराखालची दुसरी मोकळी जागा आमच्याकडे नव्हती. म्हशींना हे आवडलं नाही आणि आईला त्याहून कमी आवडलं. काका, म्हणजे बाबूजींचे धाकटे भाऊ, आफ्रिकेत एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. सुटीवर येताना लोक घड्याळं आणि ट्रान्झिस्टर आणत; काकांनी वापरातली गाडीच आणली. बोटीनं मुंबईपर्यंत, मालगाडीनं गोंदियापर्यंत, आणि तिथून सालेकशाच्या बाजूला असलेल्या आमच्या गावापर्यंत स्वतः चालवत. शेवटच्या मैलावर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या इतक्या खोल होत्या की गाडीचं पोट घासू नये म्हणून आमच्या राइस मिलमधली चार माणसं पुढे चालत चाकोऱ्यांत कोंड्याची पोती टाकत होती आणि चार माणसं मागची पोती उचलून पुढे आणत होती. मी ओसरीवरून पाहिलं ते असं: कच्च्या आंब्याच्या सालीसारखी हिरवी, जमिनीला चिकटलेली एक लांबट वस्तू, पोत्यांवरून हळूहळू येते आहे. अंगणात आल्यावर काकांनी एक बटण दाबलं, तर बॉनेटमधून दोन दिवे पापण्या उघडल्यासारखे वर आले. जमलेली सगळी मंडळी दोन पावलं मागे सरली आणि मग हसत सुटली.

ईशान, मीरा, माझ्या नातवंडांनो, तुम्ही ही गाडी पाहिली आहे. गोंदियातल्या घराच्या मागच्या शेडमध्ये उभी असते तीच. तुम्ही तिच्या मागच्या सीटवर बसण्याचा प्रयत्नही केला होता, आणि मीरा, तू म्हणाली होतीस की ही सीट माणसांसाठी नसून पिशव्यांसाठी आहे. ते खरंच आहे. पण कागदोपत्री माझ्या नावावर होण्याच्या कितीतरी आधी ती माझी कशी झाली हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि नागपूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. शाळा इंग्रजी माध्यमाची झाली होती, त्यामुळे घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे यायचा. सुटीत घरी आले की माझं जग मिलच्या आवाजानं सुरू व्हायचं. मिल घराला लागूनच होती. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून ती डिझेलवरच्या मोठ्या ऑइल इंजिनवर चाले, आणि ते इंजिन सुकलालभाऊ चालवत. सकाळी लोखंडी हँडल घालून ते मोठं चाक फिरवायचे. आधी एक दीर्घ सुस्कारा, मग टुक्, मग बऱ्याच वेळानं दुसरं टुक्, आणि मग दिवसभर टुकटुकटुक. त्या ठेक्यावर आमचं घर चालायचं. आई त्याच ठेक्यावर लाखोरीची डाळ वाटायची, आणि इंजिन थांबलं की आम्ही सगळे बोलता बोलता एकदम थांबायचो, कारण आपण किती मोठ्यानं ओरडून बोलत होतो ते तेव्हा कळायचं.

काकांच्या गाडीचा आवाज याच्या अगदी उलट. त्यात ठोका नव्हताच. नुसती एक अखंड गुणगुण, भुंगा तांब्यात अडकल्यासारखी, आणि वेग वाढला की तीच गुणगुण वर वर चढत जायची, तिला जणू शेवटच नाही. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. त्या दोन महिन्यांच्या सुटीत काकांनी मला आमगावच्या रस्त्यावर गाडी शिकवली. बाबूजींना शिकवायचाही प्रयत्न केला, पण बाबूजी उंच आणि धोतर नेसणारे. त्या गाडीत बसायचं म्हणजे पाटावर बसून पाय चुलीत घालायचे, असं ते म्हणाले आणि पुन्हा बसले नाहीत. सुटी संपली तेव्हा काकांनी किल्ली बाबूजींच्या हातात दिली आणि मला म्हणाले, "दोन वर्षांनी येतो. तोवर हिला चालती ठेव. एक लक्षात ठेव, हिला जागं केलंस तर फिरवूनच आण. उठवून लगेच निजवायचं नाही."

मला वाटलं, हे लाडाचं बोलणं आहे. आमच्याकडे माणसं बैलाबद्दल असंच बोलतात. त्यात काही तांत्रिक सूचना आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. काकांनी गाडीचं जाडजूड इंग्रजी पुस्तकही दिलं होतं. ते बाबूजींनी गाडीचे कागद समजून लोखंडी कपाटात सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली ठेवलं, वर हळदकुंकू वाहिलं आणि कुलूप लावलं. आमच्या घरी महत्त्वाचा कागद म्हणजे जो वाचायचा नसतो, तो.

मग दसऱ्याची सुटी आली आणि मी घरी आले. आमच्याकडे दसऱ्याला चालणाऱ्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. ऑइल इंजिन, धान भरडायचा हलर, ट्रॅक्टर, वजनकाटा, शिलाईमशीन, सगळं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालून तयार. चाकांच्या वस्तूंसाठी शिवाय लिंबं असतात. प्रत्येक चाकाखाली एक लिंबू ठेवायचं आणि गाडी हातभर पुढे घेऊन ते चिरडायचं. ट्रॅक्टरचं झालं आणि मग गाडीची पाळी आली. मला कोरी साडी नेसवली होती. मी चोक ओढला, सेल्फ मारला, गाडी गुणगुणली, हातभर पुढे घेतली, चारही लिंबं फुटली. आई आरतीचं ताट घेऊन समोर आली आणि म्हणाली, "आता बंद कर वो ते. धुरात का आरती करू मी?" मी बंद केली.

आईची आरती झाली, तर मिलमध्ये धान पाखडणाऱ्या बायांनी आपापली ताटं आणली होती. त्या म्हणाल्या, आमची लिंबं कुठं फुटली? त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पुन्हा चार लिंबं, पुन्हा चोक, पुन्हा सेल्फ, हातभर मागे, बंद. मग शेजारच्या घरची मंडळी. मग सोनं द्यायला आलेले पाहुणे, त्यांना दिवे उघडलेले पाहायचे होते आणि एवीतेवी आलोच आहोत तर लिंबंही. मी चार वेळा ती गाडी सुरू केली आणि चार वेळा हातभर हलवून बंद केली, आणि प्रत्येक वेळी बाया म्हणत, "पहा वो, कशी चालवते पोरगी!" इतका अभिमान मला बी.एस्सी. झाल्यावरही वाटला नाही. पाचव्यांदा, तिला परत छपराखाली न्यायला, सेल्फ मारला तर ती सुरू झाली नाही. इंजिन फिरत होतं, पण हलकं, पोकळ, हलरमध्ये धानच नसावं तसं. मी मारत राहिले. शेवटी तोही आवाज मंदावला. माळ घातलेली गाडी अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि मिलमधल्या आठ माणसांनी ती ढकलत गोठ्यात नेली. दसऱ्याच्या दिवशी बंद पडलेली गाडी ढकलणं म्हणजे काय, ते आईच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी बाबूजींनी गोंदियाहून उस्तादांना आणवलं. उस्ताद म्हणजे आमच्या भागातले सगळ्यात नावाजलेले मिस्त्री. ट्रक, जीप, ट्रॅक्टर, काहीही आवाजावरून सांगायचे. त्यांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ वाकून पाहिलं, सरळ झाले, पुन्हा वाकले. मग चष्मा पुसला. तेलाची पट्टी काढून पाहिली आणि म्हणाले, "बाबूजी, तेल पी रही है."

"काका म्हणाले होते, ती पितेच म्हणून," मी म्हणाले.

"बिटिया, पीती है तो बीमार है." मग आवाज खाली आणून, घरातली अडचणीची गोष्ट सांगावी तसं ते बाबूजींना म्हणाले, "एक बात बोलूँ? इसमें पिस्टन ही नहीं है."

"नहीं है माने?"

"माने नहीं है. सिलिंडर नहीं, वाल्व नहीं, कुछ नहीं. एक डब्बा है बस. मैंने चालीस साल में ऐसा इंजन नहीं देखा."

उस्ताद अडाणी नव्हते, हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. जे आयुष्यात पाहिलं नाही ते पाहिलं नाही म्हणाले, एवढा प्रामाणिकपणा मी पुढे मोठमोठ्या डॉक्टरांतही पाहिला नाही. पण त्यांनी सुचवलेला उपाय असा होता. हे इंजिन काढून टाकायचं आणि त्या जागी जीपचं डिझेल इंजिन बसवायचं. बॉनेट जरा कापावं लागेल. दिवे बसणार नाहीत, ते बाहेरून लावू. पण मग गाडी दगडासारखी चालेल, आणि डिझेल तर मिलमध्ये असतंच. हे शेवटचं बाबूजींना पटलं. सोमवारी उस्ताद टेम्पोत इंजिन घालून आणणार, चेन-कप्पी आणणार, इंजिन उचलायला तीन बल्ल्यांची घोडी आम्ही तयार ठेवायची. बाबूजींनी होकार दिला.

त्या दिवशी जेवणात वांग्याची भाजी आणि लाखोरीच्या डाळीचे वडे होते. माझ्या डोळ्यांसमोर ती हिरवी गाडी कापलेल्या बॉनेटनं टुकटुक करत चालताना दिसत होती. काका परत येतील आणि किल्ली लावतील, तेव्हा त्यांना काय ऐकू येईल? आणि मला मनात ठाऊक होतं की शेवटच्या पाचही वेळा किल्ली माझ्या हातात होती. काकांचं वाक्य तेव्हाच मला आठवलं. उठवून लगेच निजवायचं नाही. मी घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "बाबूजी, गाडी माझ्यामुळं बिघडली. काकांनी सांगितलं होतं, सुरू केली की फिरवून आण म्हणून. मी चार वेळा हातभर हलवून बंद केली."

"म्हणजे पूजेनं बिघडली म्हणतेस?" बाबूजींनी विचारलं.

आईनं वड्यांचं भांडं खाली ठेवलं. "काऊन वो? पूजेनं कधी गाडी बिघडते का? ट्रॅक्टर नाही बिघडला तो?"

"ट्रॅक्टरला पिस्टन आहे," मी म्हणाले.

"मग हिले कायले नाही? देवानं नाही दिला का?"

बाबूजींना हसू आलं, पण त्यांनी ते पाण्याच्या घोटात बुडवलं. "पोरी, मी शब्द देऊन बसलो आहे. उस्ताद इंजिन ठरवून येऊन राहिले."

"सोमवारी येणार आहेत ना? मला ते कपाटातलं पुस्तक द्या. रविवारी दिवस मावळायच्या आत गाडी सुरू झाली नाही तर मी स्वतः घोडी धरीन."

बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग जानव्याला बांधलेली किल्ली सोडली. सातबाऱ्याखालून पुस्तक निघालं, त्याच्यावरचं हळदकुंकू मी पदरानं पुसलं, आणि आईनं ते पाहून दुसरीकडे तोंड फिरवलं.

शनिवारी सकाळी मी गोठ्यात पाट टाकून बसले आणि ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. मी तेव्हाही असंच करायचे. मधूनच उघडून वाचणं मला कधी जमलं नाही. सुकलालभाऊ मिलचं इंजिन लावून येऊन उभे राहिले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण चित्रं सगळ्यांना येतात. इंजिनाच्या आतलं चित्र आलं तसे ते खाली बसले. लांबट गोल खोलीत एक तीन कोनांचा जाड तुकडा, फिरताना तिन्ही टोकं भिंतीला घासत जाणारा.

"हा तर शिंगाडा आहे!" सुकलालभाऊ म्हणाले.

होताच. आमच्या तलावातले शिंगाडे त्याच आठवड्यात निघायला लागले होते आणि उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली आमच्या दोघांच्या मधेच होती. मी एक शिंगाडा वाटीत ठेवून फिरवून दाखवला. एका बाजूनं पेट्रोल आत येतं, शिंगाडा ते पुढे ढकलून दाबतो, ठिणगी पडते, धूर दुसऱ्या बाजूनं जातो. शिंगाड्याच्या टोकांना बारीक पट्ट्या असतात. त्या घासून झिजू नयेत म्हणून इंजिन स्वतःच थोडं थोडं तेल आत सोडतं आणि जाळतं. म्हणजे तेल पिणं हा तिचा आजार नव्हता, तो तिचा आहार होता. मीरा, प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना मी तेल का तपासते याचं उत्तर हे आहे. आजही डिकीत तेलाचा डबा, नरसाळं आणि जुन्या लुगड्याचा तुकडा असतो, याच क्रमानं.

दुपारपर्यंत मला हवं ते पान सापडलं. थंड इंजिन सुरू करून लगेच बंद केलं तर आत कच्चं पेट्रोल साचतं. ते भिंतींवरचं तेल धुऊन टाकतं, आणि तेल गेलं की पट्ट्यांच्या फटीतून दाब निसटतो. सुकलालभाऊंना मी हे सांगितलं तर ते मान हलवत म्हणाले, "मंग बरोबर. मी म्हनतच होतो, हे इंजन दम नाई धरून राहिलं. नुसतं फिरून राहिलं." पुस्तकात उपाय लिहिला होता: पेट्रोलचा पंप बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, सेल्फ मारा, आतलं पेट्रोल बाहेर फेका. आम्ही ते केलं. दहा वेळा केलं. काहीच झालं नाही, फक्त बॅटरी बसली आणि गोठ्यात पेट्रोलचा असा वास भरला की म्हशींनी चिंचेखालूनही नाराजी कळवली. शनिवार गेला.

रविवारी सकाळी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली. या इंजिनाला चार प्लग असतात. सुकलालभाऊंनी ते काढले, चारही ओले आणि काळे. पुस्तकात नवे घाला म्हटलं होतं. नवे आफ्रिकेत होते. मी ते चारही एका ताटलीत घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई चुलीपुढे होती. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

"आई, हे निखाऱ्यावर भाजायचे आहेत."

तिनं ताटलीत पाहिलं. "हे का वस्तू आहे?"

"प्लग. पेट्रोलनं भिजले. कोरडे करायचे."

"माझ्या चुलीत गाडी शिजवतेस तू आता?" असं म्हणून तिनं ताटली ओढून घेतली, पापड भाजायचा चिमटा उचलला आणि चारही प्लग निखाऱ्यांवर मांडून, वांग्यासारखे चारी बाजूंनी फिरवत भाजले. माझ्या हातात देताना म्हणाली, "गरम आहेत. आणि ऐक, पूजेनं बिघडली असं गावात नको सांगू."

"बंद केल्यानं बिघडली," मी म्हणाले.

"हो. बंद कर तर मीच म्हटलं होतं," आई चुलीकडे पाहत म्हणाली. मग ती लगेच म्हणाली, "जा ना आता, उभी काऊन? थंड होऊन राहिले ते."

पण मुख्य गोष्ट अजून व्हायची होती. प्लगांची चार भोकं उघडी होती तेव्हा सुकलालभाऊ त्यांच्याकडे पाहत राहिले होते. मी आले तसं म्हणाले, "बाई, आपल्या मिलचं इंजन थंडीत दम नाई धरत, तेव्हा मी का करतो? वरून चमचाभर तेल सोडतो. मंग धरते. हिच्याबी भिंती कोरड्याच झाल्या म्हनते ना तुमचं पुस्तक?"

मी पुस्तक उघडून पुन्हा वाचलं. अशी सूचना त्यात कुठेही नव्हती. पण पुस्तकात जे कारण दिलं होतं त्याला हा उपाय तंतोतंत बसत होता. मला पुढच्या आयुष्यात जे काही शिक्षण मिळालं त्यातला फार मोठा भाग त्या मिनिटात मिळाला: कागदावरचं कारण आणि माणसाच्या हातातला उपाय एकमेकांना ओळखतात का, ते पाहायचं. आम्ही आमटीच्या चमच्यानं प्रत्येक भोकात तेल सोडलं, इंजिन हातानं हळू फिरवलं, गरम प्लग बसवले. बाबूजी ओसरीवरून उठून गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले. मिलचं इंजिन सुकलालभाऊंनी बंद ठेवलं होतं, त्यामुळे सगळीकडे शांतता होती आणि दूर सालेकशाच्या बाजूनं जाणारी मालगाडी ऐकू येत होती.

पहिल्या वेळी काही नाही. पण फिरण्याचा आवाज बदलला होता. आता तो पोकळ नव्हता, जड होता, जात्यात दाणे पडल्यासारखा. सुकलालभाऊ बॉनेटवर हात ठेवून ओरडले, "धरलं! दम धरलं! मारा बाई!" दुसऱ्या वेळी एक खोकला. तिसऱ्या वेळी दोन खोकले आणि मागून फट् असा मोठा आवाज, की म्हशींनी दोर ताणले. चौथ्या वेळी ती लागली. आधी अडखळत, लंगडत, आणि मग एकदम ती अखंड गुणगुण. त्याबरोबर मागच्या नळीतून पांढरा धूर निघाला. मी साधा धूर म्हणत नाही. आम्ही आत ओतलेलं सगळं तेल एकदम जळायला लागलं होतं. गोठा भरला, अंगण भरलं, घर दिसेनासं झालं, धूर मिलच्या पत्र्यांवरून गावाकडे गेला, आणि दोन मिनिटांत निम्मं गाव बादल्या घेऊन धावत आलं, की मिलला आग लागली. धुरातून मला फक्त बाबूजींचा आवाज ऐकू येत होता, "आग नाही! अरे, पाणी टाकू नका! गाडी सुरू झाली! माझ्या पोरीनं गाडी सुरू केली!"

पुस्तकात पुढे लिहिलं होतं की आता थांबायचं नाही. लांब आणि जोरात चालवायची, म्हणजे आतलं सगळं साफ होईल. मी काच खाली करून बाबूजींना हे ओरडून सांगितलं. त्यांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला, दार उघडलं आणि वाकून, घडी होऊन, माझ्या शेजारी बसले. "गोंदियाला घे," म्हणाले. "शब्द मी तोंडानं दिला होता. परत घ्यायचा तर समोर जाऊनच घेतला पाहिजे."

पुन्हा कोंड्याची पोती, पुन्हा चार माणसं पुढे आणि चार मागे, पण या वेळी ती पळत होती. डांबरी रस्ता लागल्यावर मी गाडी सोडली. दोन्ही बाजूंना पिकत आलेलं धान, मागे लांबच लांब पांढरा पट्टा, जो आमगावच्या अलीकडे विरळ झाला आणि पुढे संपलाच. गुणगुण चढत गेली, चढत गेली, आणि अचानक समोरून एक कर्कश घंटी वाजायला लागली. बाबूजींनी डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला.

"हे का तुटलं?"

"काही नाही तुटलं. इंजिन फार वेगात फिरतंय, गिअर बदल असं सांगतेय ती."

"मग बदल ना! मले कायले सांगून राहिली?"

मी बदलला. पुढच्या वेळी घंटी वाजायच्या आधीच बाबूजी म्हणाले, "बदल." तिसऱ्या वेळेपासून ते नुसतं बोट वर करायचे. तसं मला पुढे अनेकांनी गाडीत बसून शिकवलं, तुमच्या आजोबांनी तर पस्तीस वर्षं, पण बाबूजींचं ते बोट सगळ्यांत अचूक होतं.

उस्तादांच्या गॅरेजसमोर टेम्पो उभा होता आणि त्यात दोरांनी बांधलेलं डिझेल इंजिन. उस्ताद शेवटची गाठ मारत होते. आवाज ऐकून त्यांचे हात थांबले, पण मान वळली नाही. आधी त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग वळले, गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या नळीपुढे तळहात धरला, वास घेतला. गॅरेजमधली सगळी माणसं हातातलं काम टाकून आली.

"किसने किया?" उस्तादांनी विचारलं.

बाबूजी कमी बोलणारे होते. कुणासमोर माझी स्तुती केल्याचं मला आठवत नाही. ते दार उघडून, दोन्ही हात टेकवून, मोठ्या कष्टानं बाहेर आले, उभे राहिले, सोगा सोडून नीट केला आणि म्हणाले, "बेटी ने. किताब पढ़ के. सुकलाल ने तेल डाला. और इसकी माँ ने प्लग भूने."

"भूने?"

"भूने. चूल्हे पे."

उस्ताद मोठ्यानं हसले, इतके की डोळे पुसावे लागले. मग एकदम गंभीर होऊन माझ्याकडे वळले. "बिटिया, पिस्टन नहीं, तो अंदर घूमता क्या है?"

मी पुस्तक बॉनेटवर उघडलं आणि वाचायला लागले. एक वाक्य इंग्रजीत, मग तेच माझ्या मोडक्या हिंदीत. उस्तादांनी कानात खोचलेली पेन्सिल काढली आणि चित्रावर न टेकवता, हवेतल्या हवेत त्या तीन टोकांची वाट गिरवत राहिले. तीनदा त्यांनी मला मागे जाऊन पुन्हा वाचायला लावलं. शेवटी पेन्सिल परत कानात गेली. "हम तो इसे काट देते," ते बाबूजींना म्हणाले. "माफ़ी." बाबूजींनी त्यांचा हात धरला आणि टेम्पोकडे मान करून काही बोलणार, तेवढ्यात उस्ताद म्हणाले, "वो जाने दो. लौटा देंगे." आणि माझ्याकडे पाहून, जरा अडखळत, माझ्या वयाच्या पोरीला विचारावं तसं नव्हे तर बरोबरीच्या माणसाला विचारावं तसं, "अंदर एक पंप खड़ा है, विलायती. चार महीने से. उसकी भी किताब है, अंग्रेज़ी में. देखोगी?"

मी बाबूजींकडे पाहिलं. दिवस कलला होता, घर बाविसेक मैल मागे होतं, आणि आई नक्कीच ओसरीवर उभी असणार. बाबूजींनी आजूबाजूला पाहिलं, कोपऱ्यातला ट्रकचा एक जुना टायर पायानं आडवा केला, रुमालानं झटकला आणि त्याच्यावर ऐसपैस बसले.

"बघ," ते म्हणाले. "मी बसतो."